चघळलेला गहू

ब्रॉनीच्या पत्राला मर्विन ट्रेवीनने उत्तर दिलं नव्हतं. पत्र मार्चमधलं. आता डिसेंबर लागला, तरी ते चहाच्या डब्याखाली तसंच होतं.

ब्रॉनी ही त्याची सून; एरवी ती फोन करायची, हे मात्र तिने लिहून पाठवलं होतं. त्याच्या आठ वर्षांच्या नातीला, टिलीला, सिलिॲक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, असल्याचं कळलं तेव्हा तिच्या रक्तातल्या अँटीबॉडीचा आकडा दीडशेच्या घरात होता. गहू बंद केल्यावर तो सहा महिन्यांत अडतीसवर आला. मग ती जानेवारीत, इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, महिनाभर पॉपकडे, म्हणजे मर्विनआजोबांकडे, राहून गेली आणि आकडा पुन्हा शंभरावर चढला. ‘डॉक्टर म्हणतात, पोटात गहू गेल्याशिवाय असं होत नाही,’ ब्रॉनीने लिहिलं होतं. ‘टिली म्हणते, पॉपने काही दिलं नाही. एकतर ती खरं सांगत नाही, नाहीतर तुमच्याकडून काहीतरी दिलं गेलंय. मला फक्त कळू दे.’

मर्विनने तीन-चारदा कागद पुढे ओढला होता. मी काही दिलं नाही असं लिहावं, तर पोरगी चोरून खाते असा अर्थ व्हायचा. दिलं असेल म्हणावं, तर काय दिलं? त्याने नवा टोस्टर आणला होता, जुने लाकडी चमचे फेकले होते, वाचनालयातून या आजारावरची दोन पुस्तकं आणून वहीभर टिपणं काढली होती. तरी आपल्याच हातून काहीतरी राहिलं असणार, असं त्याला वाटत राही. नेमकं काय, ते सापडत नव्हतं. मग त्याने लिहिलंच नाही.

जुलैच्या सुट्टीत टिली आली नाही, ऑक्टोबरातही नाही. मधे एकदा कॉलिन, त्याचा मुलगा, फोनवर म्हणाला की आकडा वीसवर आलाय. मग मर्विनने हवापाण्याचा विषय काढला. फोन ठेवल्यावर त्याने एकट्यापुरती दोन अंडी उकडली आणि पुस्तक उघडून त्याच्यासमोर बसून खाल्ली.

कापणीच्या दिवसांत शेजारचा ग्लेन मूठभर गहू घेऊन कुंपणाशी आला.

“काय मर्व्ह, दाढा आहेत ना अजून जागेवर? सांगा बघू, कापणीचं यंत्र घालू का उद्या?”

“तुझ्याकडे ओल मोजायचं मशीन आहे की.”

“आहे. पण तुमची दाढ बरी. बॅटरी लागत नाही तिला.”

मर्विनने दाणे तोंडात टाकले. कडकन फुटले, गहू वाळला होता. ग्लेन खूश होऊन गेला. मर्विन सवयीने चघळत राहिला. पिठाचं गोडसर दूध गिळायचं, कोंडा थुंकायचा, मागे जिभेवर चिवट गोळी उरते. या भागातल्या प्रत्येक पोराने असं च्युइंगम केलेलं. टिलीलाही त्यानेच शिकवलं होतं, बियाण्याच्या शेडमध्ये, रोज दुपारी. दोघं गोळ्या ताणून कोणाची लांब ते बघायचे.

त्याने गोळी तळहातावर काढली. पीठ धुऊन गेल्यावर जो चिवट गोळा उरतो तेच या आजारात बाधणारं ग्लुटेन, हे वाक्य त्याच्याच वहीत होतं. खायला काय दिलं, हे तो नऊ महिने आठवत बसला होता. चघळणं त्याने खाण्यात धरलंच नव्हतं. टिलीनेही नाही.

फोनवर तो पुन्हा हवापाण्यावरच घसरला असता. तो टेबलाशी बसला आणि या वेळी एकही ओळ खोडली नाही.

‘ब्रॉनी, टिली खरं बोलत होती. मीही खोटं बोललो नसतो, पण मी बोललोच नाही, आणि इतके दिवस तिच्यावर संशय राहू दिला.’ मग शेड, दाणे, गोळी, सगळं लिहिलं. ‘यापुढे तिला माझ्याकडे पाठवायचं की नाही, ते तू ठरव. पण ती खोटं बोलली नव्हती, हे तिला आजच सांग.’

दुकानाबाहेरच्या लाल टपालपेटीशी तो जरा थांबला. पत्र वाचून ब्रॉनी टिलीला कदाचित कधीच पाठवायची नाही. त्याने पाकीट आत टाकलं.