दोन इंजिनं, एक नंबर

उल्काने सोल्डरिंगचं तापलेलं टोक ओल्या स्पंजला टेकवलं. चर्र झालं. समोर टेबलावर तळहाताएवढं लाल खेळण्यातलं इंजिन टप काढून उघडं पडलं होतं.

"जळणार नाही ना?" खुर्चीच्या कडेवर बसलेल्या भाग्यश्रीने विचारलं. पर्स अजून मांडीवरच होती.

"खडकीच्या फॅक्टरीत तीस वर्षं वायरीच जोडल्यात मी. शंका असेल तर घेऊन जा परत."

"साधं बोलताच येत नाही का गं ताई तुला?"

चार वर्षांनी 'ताई' ऐकलं. उल्काने स्वच्छ असलेला चष्मा उगाच पुसला.

इंजिनं दोन, एक लाल, एक हिरवं, दोन्ही बाबांची. ते गेल्यावर घर आवरताना भाग्यश्रीने न विचारता लाल इंजिन पिशवीत टाकलं, उल्का सगळ्यांदेखत तिला वाट्टेल ते बोलली, आणि सदाशिव पेठ ते विश्रांतवाडी एवढंसं अंतर कुणालाच ओलांडता येईना. आज मात्र भाग्यश्री आपण होऊन आली होती. म्हणे, तुझ्याकडच्या हिरव्यात बसवलास तसा डीकोडर याच्यातही बसव. तिच्या घरात वीतभरसुद्धा रूळ नव्हते, हे उल्काला ठाऊक होतं. तिने विचारलं नाही. काम झालं की ही उठणार, एवढ्याच धास्तीने ती एकेक जोड तीनतीनदा तपासत होती.

"हे एवढंसं काय करतं?" नखाएवढ्या डीकोडरकडे बघत भाग्यश्रीने विचारलं.

"वीज रुळांतून सगळ्या इंजिनांना मिळते. पण ज्याचा नंबर पुकारू, तेच हलतं."

"बाबांसारखं नाही म्हणजे."

उल्का हसली. बाबा दोघींनाही 'बयो' म्हणूनच हाक मारायचे. कोणती बयो, ते कधी सांगायचे नाहीत. दोघी धावत जायच्या आणि पाण्याचा एक तांब्या दोघी मिळून आणायच्या.

शेवटी तपासायला काही उरलं नाही. उल्काने टप बसवला, लाल इंजिन बाजूला मांडलेल्या रुळांवर ठेवलं, रिमोटवर तीन दाबून बटण फिरवलं. इंजिन निघालं. आणि पलीकडे खेळण्यातल्या फलाटाशी उभं असलेलं हिरवंही त्याच्याबरोबर निघालं.

"अगं बाई!" उल्काने जीभ चावली. "नवा डीकोडर तीन नंबर घेऊनच येतो. हिरव्याचा मी बदललाच नव्हता, एकटंच होतं ना ते. आणि आता याचाही राहिला. थांब, दोन मिनिटांचं काम आहे."

भाग्यश्रीने तिचा हात धरला.

"राहू दे. बाबांनी तरी आपला कुठे बदलला होता?"

 उल्काने हात सोडवून घेतला नाही. दोन्ही इंजिनं वळणावरून पुढे गेली.

"चहा टाकते," ती म्हणाली.

पर्स खुर्चीवर ठेवून भाग्यश्रीही उठली.