झडपेतली गोळी

ज्या खोलीत मी जन्मलो, तिला आता दोरी लावलीय. आईच्या खुर्चीवर ‘बसू नये’ अशी पाटी. एकदा गुडघे दुखले म्हणून जरा टेकलो, तर कोरिननं, म्हणजे संग्रहालयाच्या नव्या संचालक बाईंनी, चारचौघांत उठवलं. माझ्याच घरात! पण माझं कुठं राहिलंय ते? तीस वर्षांपूर्वी मीच सही करून ते संस्थेला दिलं. बायको गेली होती, मूलबाळ नाही, आणि दीड हात जाडीच्या त्या दगडी भिंती तापवता तापवता जीव मेटाकुटीला यायचा. आता शनिवार-रविवार लोकांना घर दाखवतो, उरलेले पाच दिवस गावातल्या भाड्याच्या खोलीत टीव्हीशी भांडतो.

संस्थेचा नियम एकच: १७८३ साली अमेरिका इंग्रजांपासून सुटली, त्यानंतरचं सगळं बाहेर. आईचा ओटा गेला, बाबांनी लावलेली कपाटं गेली. सुटलं ते एक भोक. पुढच्या खिडकीच्या लाकडी झडपेत आहे, आत शिशाची गोळी रुतलेली. १७७७ साली इंग्रज हडसन नदीवरून जाळपोळ करत आले, तेव्हा एका शिपायानं ती झाडली, असं पुस्तिकेत छापलंय. मीही पाहुण्यांना तेच सांगत आलोय.

थाप! शुद्ध लोणकढी थाप! ती गोळी माझ्या थोरल्या भावानं झाडली, डर्कनं. १९५८ साली. तो बारा वर्षांचा, मी नऊ. आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर पडलेली, तिच्यात त्यानं फटाक्यांची दारू आणि तिच्याच पिशवीतली शिशाची गोळी भरली. मी म्हटलं, “हॅट्, तुझ्यात कुठला दम!” आणि अंगणातून धडाम! बाबा बाजारातून येईस्तोवर आम्ही भोकाला काजळी फासली. “बाबा, हे बघा काय सापडलं,” डर्क म्हणाला, “इंग्रजांची गोळी दिसतेय.” चेहरा असा साळसूद की मी हसू दाबायला गोठ्यात पळालो. बाबा गावभर सांगत सुटले. ती पुस्तिका त्यांनीच लिहिलेली.

घर देऊन टाकलं तेव्हा डर्क माझ्याशी बोलायचा थांबला. “बापाचं घर परक्यांच्या पदरात टाकलंस,” म्हणाला, आणि ओरेगॉनला गेला तो गेलाच. पण दर नाताळला त्याचं पोस्टकार्ड यायचं. ओळ एकच: ‘इंग्रज सापडला का रे?’ मी उलट लिहायचो: ‘तपास चालू आहे.’ बस्स, एवढंच. तीन वर्षांपूर्वी तो गेल्याचा त्याच्या शेजारणीचा फोन आला, तोही त्याला पुरून झाल्यावर. थट्टा दोघांची असते हो. एकट्याला ती पेलत नाही.

या वसंतात कोरिन नाचतच आली. “गॅरेट, खूशखबर! तज्ज्ञांनी गोळी पाहिली. गोल, शिशाची, अगदी त्या काळची! आपण झडपेवर काच बसवतोय, खाली पितळी पाटी. पडदा तुम्हीच ओढायचा. घराण्यातले शेवटचे ना तुम्ही!”

‘शेवटचे’ हे असं म्हणाली, जणू मला बक्षीसच लागलंय.

झाली का पंचाईत! खरं बोललो, तर झडप नियमात बसणार नाही, जाईल भंगारात. गप्प बसलो, तर भोक राहील, पण डर्कचा नेम कुण्या लाल डगलेवाल्या इंग्रज शिपायाच्या नावावर. आठवडाभर घास गोड लागला नाही. शेवटी ठरवलं, झडप गेली तर गेली. डर्क या घरात होता, हे माझ्याखेरीज कुणाला तरी कळू दे.

रविवारी चाळीसेक माणसं जमली. सफरचंदाचा रस होता, साखरेत घोळवलेले तळलेले गोळे होते. मी पडदा ओढला आणि म्हटलं, “मंडळी, ही गोळी इंग्रजांची नाही. माझ्या भावानं झाडलीय. १९५८ साली, त्या अक्रोडाखालून.”

असा हशा पिकला की विचारू नका!

“यांचं हे असंच असतं हं!” कोरिन टाळ्या वाजवत म्हणाली.

“अहो बाई, थट्टा नाही! देवाशपथ खरं सांगतोय!”

आणखी हशा. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली, “म्हातारा भलताच वस्ताद आहे!” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांना हसण्याचंच वाटलं.

मी कोरिनला बाजूला गाठलं. तिनं माझा हात हातात घेतला, आजाऱ्याचा घ्यावा तसा. “गॅरेट, तुमच्या वडिलांनी स्वतः लिहून ठेवलंय. तुमच्या गोष्टीला कुणी साक्षीदार आहे का?”

“होता.”

“मग त्यांना बोलवू या की.”

“वारला.”

“अरेरे,” ती म्हणाली, आणि पाहुण्यांना निरोप द्यायला गेली.

पाटीपाशी एक बाई रेंगाळत होत्या. मला म्हणाल्या, “त्या शिपायाचं नाव कुठं नोंदलेलं नाही का हो?”

“डर्क,” मी म्हटलं.

“इंग्रज, आणि नाव डर्क? हे तर डच नाव.”

“होता एक.”

त्यांनी मान डोलावली, पाटीचा फोटो काढला, आणि मला म्हणाल्या, “जरा बाजूला व्हाल का? तुम्ही मध्ये येताय.”