एका वेळी एकच

मी एक लायब्ररी बोलतेय. पुस्तकांची नव्हे, पायथन या संगणकाच्या भाषेतली, तयार कोडची. आकडे द्या, मी आलेख काढून देते.

मला घडवणाऱ्यांनी एकच फळा दिला. त्यावर काढायचं, चित्र जपून ठेवायचं, फळा पुसायचा. तेव्हा एका संगणकापुढे एकच माणूस बसे. ‘एका वेळी एकानेच वापरावी’ असं माझ्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय. वाचतो कोण?

उरुग्वेतल्या पायसांदू गावच्या एका दवाखान्याच्या वेबसाइटवर यामांदू नावाच्या प्रोग्रामरने मला बसवलं. एकेक पेशंट घेऊन तपासलं. सगळं ठीक. सोमवारी दोन डॉक्टरांनी एकाच क्षणी बटण दाबलं. सर्व्हरचे दोन थ्रेड, म्हणजे त्याचे दोन हात, एकदम माझ्या फळ्यावर आले.

एका डॉक्टरांपुढे बसलेल्या नेलिदाबाईंची साखर आलेखात तीनशेच्या वर दिसली. डॉक्टर इन्सुलिन दुप्पट लिहायला निघाले.

“थांबा हो! ही उडी कालची ना? काल मी उपाशी होते, दात ठणकत होता. हे त्या आमच्या शेजारच्या वॉशिंग्टनचं असणार. पलीकडच्या डॉक्टरांकडे बसलाय. विचारा, भाचीच्या लग्नात किती केक हाणला!”

आकडे पडताळले. अर्धी रेघ खरंच वॉशिंग्टनची निघाली.

यामांदूने कोडमध्ये कुलूप घातलं: किल्ली ज्या थ्रेडकडे, त्यानेच फळ्यावर काढायचं. दुपारी आलेख पुन्हा मिसळले.

“लायब्ररीच भंगार आहे!” तो माझ्यावर चिडला.

शेजारी झुल्मा, त्याची वयाने मोठी सहकारी, येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या कडवट चहाच्या, तुंब्यात गरम पाणी ओतत होती. तुंबा एकच, नळीही एकच. हातात आला की संपवायचा, मगच परत द्यायचा. यामांदूने दोन घोट घेऊन परत केला.

“अर्धा काय देतोस रे? नळी घुरघुरली का?”

“घाईत आहे गं.”

“कोडमध्येही हेच केलंस! रेघा काढल्या की किल्ली सोडतोस. चित्र जपायचं कोणी? फळा पुसायचा कोणी, तुझ्या आजीने?”

यामांदूने हात पुढे केला. मग म्हणाला, “आण इकडे.” नळी घुरघुरेपर्यंत प्यायला.

आता काढणं, जपणं, पुसणं, सगळं कुलपाच्या आत. मध्येच काही बिघडलं तरी किल्ली आपोआप परत.

“आणि रांग लागली तर?” यामांदूने विचारलं.

“दुसरा तुंबा घे. प्रोग्रामची वेगळी प्रत, तिचा वेगळा फळा. एका तुंब्यात दोन नळ्या खुपसू नकोस.”

मी अजून तिथेच आहे. हळू म्हणतात, म्हणू देत. मला वापरणार असाल तर माहितीपत्रकातली ती एक ओळ आधी वाचा. नेलिदाबाईंचा दात दरवेळी ठणकेलच असं नाही.