चाल त्याची होती

मी एक पत्ता बोलतोय. हातात धरायचा नव्हे, आर्गिरोच्या फोनमधल्या खेळातला. माझ्यावर उलटं ठेवलेलं वाळूचं घड्याळ काढलंय आणि खाली लिहिलंय, 'या चालीनंतर आणखी एक चाल घ्या.' एवढंच माझं शिक्षण.

मला टाकलं की चाल समोरच्याकडे जातच नाही, टाकणाऱ्याकडे परत येते. नवा पत्ता ओढा, नव्याने तीन दिवस विचार करा. मी मात्र तिथेच कायमचा बाद. गड्डीत माझ्यासारखे दोघंच. लोक म्हणतात, हा वेळ देतो. डोंबलाचा वेळ! मी समोरच्याची चाल खातो, दुसरं काही करत नाही.

समोरचा म्हणजे आर्गिरोचा धाकटा भाऊ, पांदेलिस. कार्दामिला गावात घरटी एक माणूस जहाजावर असतो. वडील गेले तेव्हा आईने, मारुकोने, पांदेलिसला न विचारता त्यांची होडी विकली आणि आर्गिरोने कागदावर सही केली. पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या जेवणाला पांदेलिसने तो विषय काढला. "आधी जेव, मग बोल," आई म्हणाली. "झालं ते झालं, उगाच उकरून काढू नकोस," आर्गिरो म्हणाली. तो हातातला घास ताटात टाकून उठला, जहाजावर चढला. नंबरसुद्धा बदलला त्याने.

राहिला हा खेळ. चाल समोरच्याकडे सोपवतानाच सोबत एक ओळ लिहिता येते, एरवी नाही. "इथे फार उकडतंय." "आईचे गुडघे कसे आहेत?" दोन वर्षं त्या घराने अशा ओळींवर काढलं. पण तीन दिवसांत चाल केली नाही, तर हार आणि खेळ बंद.

एप्रिलमध्ये त्याची ओळ आली, "उद्यापासून भर समुद्रात. सिग्नल नाही." आता चाल आर्गिरोची होती.

"नऊ दिवस तरी बंदर लागायचं नाही," ती म्हणाली. "चाल त्याच्याकडे गेली, तर तीन दिवसांत सगळं संपेल गं आई."

"मग देऊच नकोस," कॉफी उतू जाऊ नये म्हणून भांड्यावरची नजर न हलवता मारुको म्हणाली. "ते घड्याळवालं आहे ना तुझ्याकडे? टाक की! लेकराला तेवढाच वेळ."

तिसऱ्या दिवशी माझा जुळा गेला, सहाव्या दिवशी संध्याकाळी मी. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. इतक्या मायेने मला कधी कुणी टाकलं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी आर्गिरोने चाल सोपवली आणि ओळ लिहिली, "होडीचं माझं चुकलं. तू बोल, मी ऐकतेय."

तीन दिवस बेकरीत पाव देता देता ती एप्रनच्या खिशातला फोन चाचपत राहिली. बाराव्या दिवशी फोनमध्ये तुताऱ्या वाजल्या, सोनेरी अक्षरं आली: 'अभिनंदन! तुम्ही जिंकलात!'

"आलं का गं काही त्याचं?" मारुकोने विचारलं. "कोण जिंकलं?"

"मी," आर्गिरो म्हणाली.

खेळ संपल्यावरच त्याची सगळी नोंद उघडते. तिने ती उघडली. पाचवा दिवस: पांदेलिस हजर, चार मिनिटं. सहावा दिवस: हजर, चाळीस मिनिटं. सातवा दिवस: हजर, एक मिनिट. पुढे काही नाही.

जहाज लवकर बंदराला लागलं होतं. तो आला, वाट बघत बसला. सातव्या दिवशी त्याला दिसलं, 'समोरच्याने पुन्हा जादा चाल घेतली. थांबा.' मग जहाज पुन्हा समुद्रात गेलं.

आर्गिरोने नव्या खेळाची सात आमंत्रणं पाठवली. त्याने एकही उघडलेलं नाही.

मी बाद झालेल्यांच्या ढिगात पडून आहे. माझ्यासारखा पत्ता तुमच्या हाती आला, तर बाबांनो, कितीही माया दाटली तरी टाकण्याआधी समोरच्याला काही बोलायचंय का ते बघा. त्या दिवशी ताटावर त्याला गप्प केलं ते आई आणि बहिणीने. या वेळी मी केलं.

चाळीस मिनिटं बसला होता हो तो.