मेंढीनं खाल्लेला चमत्कार

शेवटचा साधा दिवस असा होता: बाबा शिडीवर चढून हॉलीच्या झाडाच्या शेंड्याच्या फांद्या तोडत होते आणि मी खाली मेंढ्यांना त्या खायला घालत होते. डोंगरावर बर्फ पडलं की आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. बाबांचं पोट दुखत होतं, पण डॉक्टरांचं नाव काढू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये सेप्टिमस क्रेक नावाचा फिरता वैदू आला. मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्यानं हॉलीची काटेरी पानांची फांदी पुढच्यांच्या बोटांना टोचून दाखवली, रुमालाखाली झाकली आणि गरजला, "निघा, काट्यांनो!" रुमाल उचलला, तर पानं गुळगुळीत!

"अगं बाई!" शेजारच्या नेलीकाकूंनी छातीला हात लावला.

"काटे गळले तसं तुमचं दुखणं गळेल," हॉलीच्याच लाल फळांच्या रसाची बाटली नाचवत क्रेक म्हणाला. "उलटी झाली तर समजा, रोगच बाहेर पडतोय."

केवढी सोय! बरं वाटलं तर रसाचा गुण, ओकलात तरी रसाचाच.

बाबांनी बाटली विकत घेतली, रस प्यायले आणि ओकले. "निघतोय, पोरी, निघतोय," म्हणत त्यांनी आणखी घोट घेतला. मग पोटात पाणीही ठरेना. डॉक्टर पोचले तोवर उशीर झाला होता.

"पोटात साधा व्रण होता," ते म्हणाले. "हे फळ विषारी. ओकून ओकून अंगातलं पाणीच संपलं."

क्रेक पुन्हा आला, तेव्हा मी दोरी धरून एक मेंढी हॉलमध्ये नेली.

"अगं हॅना, इथं मेंढी?" नेलीकाकूंचे यजमान, थॉमसकाका ओरडले.

"तिलाही चमत्कार बघायचाय, काका."

रुमाल उचलला गेला. मेंढी पुढे झाली आणि क्रेकच्या हातातला चमत्कार तिनं कराकरा खाऊन टाकला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काका, सकाळी मेंढ्यांना काय घातलंत?"

"शेंड्याची हॉली."

"खालची का नाही?"

"ती टोचते. वर कुठले आलेत काटे..." काका मध्येच थांबले.

मी क्रेकची बाही ओढली. आतून काटेरी फांदी खाली पडली.

"जनावराचं तोंड पोचतं तिथवर झाड काटे धरतं," मी म्हणाले. "हे आपल्या सगळ्यांच्या हातांना ठाऊक होतं. रुमाल दिसला की हातांना विचारायचं का सोडता? बाटली तोंडाला लावण्याआधी तिच्यात काय आहे, ते विचारा!"

नेलीकाकूंनी हातातली बाटली खिडकीबाहेर उपडी केली. क्रेक मागच्या दारानं पसार झाला.

"पण तुझ्या बापाला हे कळत नव्हतं का गं?" काकांनी हळूच विचारलं.

"कळत होतं. पण त्यांना जगायचं होतं, काका." आमच्याकडे असलं कुणी बोलत नाही, मीही घरात कधी बोलले नव्हते. भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं म्हणाले, "आणि मला ते हवे होते. म्हातारे, आजारी, चिडके, कसेही. मला माझे बाबा हवे होते."