चौथा ठिपका

"उद्या माझ्या पायात काजवे पेटणार, अप्पा," हिरव्या औषधाची सुई टोचून घेताना सोदाम म्हणाली. "तुमच्या काढ्यांनी पेटले होते का कधी?"

"गप गं. तिकडे बघ."

माझी मुलगी सोळा वर्षांची. तिच्या उजव्या गुडघ्याखालच्या हाडात गाठ होती. हे औषध बाकीच्या शरीरातून निघून जाते आणि गाठीत साचून राहते. कॅमेऱ्याखाली तेवढीच जागा उजळते, आणि त्या उजेडाची कड धरून कापायचे असते. डॉक्टर प्यो यांनी हे सारे शांतपणे सांगितले आणि शेवटी विचारले, "घरी शेक, सुया, डाग, असलं काही केलंत?"

"नाही," मी म्हणालो.

तेगू शहरातल्या औषधी गल्लीत माझे जडीबुटीचे दुकान आहे. चारच दिवसांपूर्वी मी सोदामच्या पोटरीवर डाग द्यायला वाळल्या पाल्याचे चिमटीएवढे शंकू ठेवून पेटवले होते. तिने दातांत टॉवेल धरला होता. तीन शंकू जळून राख झाले. चौथा ओला निघाला, धुमसला आणि विझला. "हा तुमच्यासारखाच आळशी," ती डोळे पुसत हसली होती. माझी विद्या इस्पितळात हसण्यावारी नेली जाते, म्हणून मी खोटे बोललो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझ्या नावाचा पुकारा झाला. शस्त्रक्रिया अर्धी झाली असताना नातेवाइकाला आत बोलावतात, ते चांगल्या बातमीसाठी नव्हे. लहानशा खोलीत डॉक्टर प्यो टोपीसकट उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या पडद्यावर राखाडी अंधार होता आणि त्यात माझ्या मुलीचा पाय.

"गाठ अपेक्षेप्रमाणे आहे. पण खाली पोटरीत हे चार ठिपके बघा. स्कॅनमध्ये नव्हते. आजार एवढा विखुरला असेल, तर पाय ठेवण्यात अर्थ नाही. मांडीतून काढावा लागेल. तुमची सही हवी."

चार पांढरे ठिपके. जणू अंधारालाच डोळे फुटले होते.

घशाशी आलेला शब्द मला ठाऊक होता: चार. चारही डाग माझेच, एवढे म्हणालो की पाय वाचणार होता. भाजलेली जागा सुजते आणि सुजेतही औषध साचते, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते.

"डॉक्टर, मी डाग दिले होते. घरी."

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "पायाला लावलेल्या आयोडीनच्या रंगाखाली ते दिसलेच नाहीत. काल का नाही बोललात? किती दिले?"

बोटे आपोआप मोजू लागली. टॉवेल. राख. धूर. हसणे.

"तीन."

"नक्की?"

"चौथा पेटलाच नव्हता."

त्यांनी पडद्यावरच्या एकेका ठिपक्यावर बोट टेकवले. मग म्हणाल्या, "चारही ठिकाणचे तुकडे तपासते. बसा इथेच."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि मी आत आत बुडत होतो. आपण सत्य बोललो की मुलीचा पाय देऊन टाकला, हे मला कळत नव्हते.

चाळीस मिनिटांनी दार उघडले. "तिन्ही भाजलेले. चौथा आजाराचा. एकटाच आहे; भोवतालच्या मांसासकट काढतेय. पाय राहील." दारात त्या थांबल्या. "तुम्ही चार म्हणाला असतात, तरी मी तपासलंच असतं. पण तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवला नसता."

मी मान खाली घातली.

संध्याकाळी सोदामने डोळे उघडले. चादरीखाली तिने आधी पाय चाचपला.

"किती काजवे होते, अप्पा?"

"गाठीखेरीज चार," मी म्हणालो. "त्यातले तीन मी पेटवले होते."