काट्याचा दोष

हाडांच्या दवाखान्यात निवृत्त मुख्याध्यापिका बाई गुडघा धरून बसल्या होत्या. बाक चौघांचं होतं, पण तिघांतच गच्च भरलं होतं. गुडघेदुखीचं सगळं खापर बाईंनी घरातल्या नव्या फरशीवर फोडलं होतं.

डॉक्टरांनी मात्र त्यांना काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, "बाई, आधी पंधरा किलो उतरवा."

"बाहेर बसलेल्यांना काय सांगता?"

"बहुतेकांना हेच."

"मग इतक्या माणसांचं वजन एकदम कसं वाढेल? तुमचा काटाच बिघडलाय!"

बाईंना खोटं पाडायला डॉक्टर स्वतःच काट्यावर चढले. आकडा बघून घाईघाईने उतरले.

"खरंच," पोट आत ओढत ते म्हणाले, "उद्याच दुरुस्तीला देतो."

बाई लंगडत, पण ताठ मानेने बाहेर पडल्या.